कंपनीत 6 वर्षं झाल्यावर पीएचडीला जावं का? पुढे विद्यापीठात वरच्या पदापर्यंत जाता येतं का?

हो, जा. उशीर वगैरे काही झालेला नाही. मी 7 वर्षं प्लांट मेंटेनन्समध्ये होतो, मग पीएचडी, मग रिसर्च लॅब आणि आता डीन आहे, त्यामुळे जे बघितलंय तेच सांगतो.

माझा पीएचडीचा विषय मला कंपनीतच मिळाला. आमच्याकडे एका मोटरला नवीन व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) बसवला आणि काही महिन्यांतच बेअरिंग आवाज करायला लागलं, बदललं, परत गेलं, ग्रीस बदललं, अलाइनमेंट तपासलं, तिसऱ्यांदा पण तेच. शेवटी बेअरिंग कापून बघितलं तर रेसवर (ज्या कड्यावर गोळ्या फिरतात त्यावर) जवळजवळ सारख्या अंतरावर आडव्या पट्ट्या. ड्राइव्हच्या स्विचिंगमुळे शाफ्टवर व्होल्टेज तयार होतं, ते बेअरिंगमधल्या ग्रीसच्या पातळ थरातून डिस्चार्ज होतं आणि त्या बारीक ठिणग्या स्टील खात राहतात. शाफ्टला ग्राउंडिंग ब्रश लावला, इन्सुलेटेड बेअरिंग टाकलं, त्रास थांबला. कंपनीसाठी विषय तिथेच संपला पण माझ्या डोक्यातून तो जाईना, की बेअरिंग जायच्या आधी हे व्हायब्रेशनमध्ये कधी दिसायला लागतं? हाच प्रश्न घेऊन मी गाईडकडे गेलो. तुमच्याकडे असा एखादा प्रश्न असेल तर पगार कमी होणार हे माहीत असूनही जा, नुसता कामाचा कंटाळा आला म्हणून मात्र जाऊ नका, कारण पीएचडीचं तिसरं वर्ष त्याहून कंटाळवाणं असतं.

नासाने तंत्रज्ञान किती तयार आहे हे मोजायला 1 (नुसतं मूळ तत्त्व) ते 9 (प्रत्यक्ष वापरात सिद्ध झालेलं) अशी पट्टी केलीय, टीआरएल म्हणतात तिला. विद्यापीठातलं काम बहुतेक वेळा 3-4 ला अडकतं आणि कंपनीला साधारण 7 च्या पुढचं हवं असतं, मधल्या पट्ट्यात दोन्हीकडची भाषा येणारी माणसं फार कमी मिळतात. तुम्ही तिथे उपयोगी पडाल.

उलट दिशेनेही लोक गेलेत. जॉन हेनेसी स्टॅनफर्डमध्ये प्राध्यापक होते, 1981 मध्ये मिप्स प्रोसेसरचं संशोधन सुरू केलं, 1984 मध्ये त्यातूनच कंपनी काढली, परत शिकवायला आले आणि 2000 ते 2016 स्टॅनफर्डचे प्रेसिडेंट होते.

वरच्या पदाबद्दल एकच सांगतो, लॅब हातातून जाते. मशीन बंद पडलं की कारण सापडतं, पण दोन विभाग एकाच जागेसाठी भांडत असतात तेव्हा दोघांचंही म्हणणं खरं असतं आणि निर्णय तरी द्यावाच लागतो. मला हे जमायला 2 वर्षं लागली. शुक्रवारची दुपार मी अजूनही विद्यार्थ्यांबरोबर टेस्ट रिगवर घालवतो, त्या वेळात मीटिंग घेत नाही.