कायदा सल्ला : मोफत वकील कोणाला?

प्रश्न : मिरजेत भाड्याचे घर ठरले, इसारही दिला, पण करारासाठी आधार कार्ड पुढे करताच आमचे मुस्लिम नाव वाचून मालकांनी नकार दिला. पैसेही परत करीत नाहीत. आम्हाला मोफत वकील मिळेल का?
— एक वाचक भगिनी

उत्तर : मिळेल, मात्र अल्पसंख्याक म्हणून नव्हे, तर स्त्री म्हणून. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांचा वेगळा गट नाही (ही उणीवच म्हणायची), परंतु स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मदत मिळते, म्हणून अर्ज पतीऐवजी तुमच्या नावे, सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा. घर मिळवणे अवघड आहे, कारण धर्मावरून भेदभावास मनाई करणारे संविधानाचे कलम १५ प्रामुख्याने शासनाला बांधते, खासगी घरमालकाला नव्हे; इसार मात्र मागता येईल. त्यासाठी पावती किंवा मोबाइलवरून पैसे पाठवल्याची नोंद अर्जाला जोडावी.