आधी ती वही कपाटातून बाहेर काढा

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी बेळगावजवळच्या खानापूरला पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, सायन्सला. पहिल्या वर्षी ७८ टक्के. तुम्ही बेंगळुरूच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सची मॅनेजमेंट सीट बघून आलात आणि त्यासाठी भाताचं शेत गहाण टाकायची तयारी ठेवली आहे. ती मात्र म्हणते, लांबलांब असलेली माणसं फोनवर, इंटरनेटवर एकमेकांशी कशी बोलतात, शिकतात, मिळून काम कसं करतात, यावर संशोधन करायचंय. 'असलं शिकून कोण नोकरी देतंय? तुम्ही तिची समजूत घाला,' असं तुमचं म्हणणं.

मार्कांची मला काळजी वाटत नाही. मला टोचली ती शेवटची ओळ: 'अभ्यास सोडून कायबाय लिहीत बसते, म्हणून तिची वही कपाटात कुलूप लावून ठेवली आहे.' सतरा वर्षांच्या मुलीची वही कुलपात? तिनं चोरी केलेली नाही, भाऊ. आणि तुम्हीच त्या वहीच्या दोन पानांचे फोटो पाठवलेत, तिचा वेळ कसा वाया जातो ते मला दिसावं म्हणून.

मी ती पानं भिंग घेऊन वाचली. गावातली पाच मुलं एका मोबाइलवर सीईटीचा ऑनलाइन वर्ग बघतात. तिनं पट्टीनं रकाने आखलेत: तारीख, पाऊस, रेंज, प्रश्न कुणी विचारला. एका दिवसापुढे लिहिलंय, 'सरांनी तीनदा समजलं का विचारलं. कुणी बोललं नाही. रात्री ग्रुपवर ११ व्हॉइस मेसेज, सगळे मराठीत.' आणि खाली, 'रेंज नसते म्हणून विचारत नाहीत, की सगळ्यांसमोर कन्नड-इंग्रजीत चुकायची लाज वाटते?'

हा प्रश्न संशोधकाचा आहे. माझ्याकडे पदवी झालेली मुलं येतात, विषय विचारला की 'एआय' म्हणतात आणि गप्प बसतात. गुजरातेत 'आवाज ओटलो' नावाचा प्रयोग झाला होता. शेतकरी साध्या फोनवरून आपल्या भाषेत प्रश्न बोलून ठेवायचे, दुसऱ्यांचे प्रश्न आणि उत्तरं ऐकायचे. त्यावरचा शोधनिबंध २०१० मध्ये माणूस-संगणक संवाद या क्षेत्रातल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडला गेला. तुमच्या मुलीनं घराच्या ओसरीवर बसून त्याच वाटेवर पाऊल टाकलंय, तेही कुणी न शिकवता.

'हे कोरोनातलं खूळ, आता संपलं,' असंही तुम्ही लिहिता. हा गैरसमज मी रोज ऐकतो. १९६८ मध्ये अमेरिकन संगणक संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत मंचावरून हजार जणांना दाखवलं, की साधारण बेळगाव-लोंढ्याइतक्या अंतरावर बसलेला सहकारी पडद्यावर दिसतो, बोलतो आणि दोघं एकाच मजकुरावर काम करतात. १९८४ मध्ये संगणकाच्या मदतीनं मिळून काम करण्याच्या अभ्यासाला स्वतंत्र नाव मिळालं. आपल्या देशात १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून सुमारे २,४०० खेड्यांत शिक्षणाचे कार्यक्रम दाखवले गेले, त्या सहा राज्यांत कर्नाटक होतं. पुढे २००४ मध्ये खास शिक्षणासाठीचा एज्युसॅट उपग्रह गेला, त्यावरून वर्ग घेणाऱ्या सुरुवातीच्या विद्यापीठांत आपलं बेळगावचं व्हीटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ, होतं. यंत्र पोचतं, पण समोरचा मुलगा गप्प का राहतो, हे अजून नीट सुटलेलं नाही. म्हणून तर तिथे माणसं लागतात.

आता स्पष्ट सांगतो, शेत गहाण टाकू नका. कॉम्प्युटर सायन्स वाईट नाही, या विषयाला ते उपयोगीच पडतं. पण जमिनीच्या बदल्यात घेतलेल्या सीटवर बसलेली मुलगी चार वर्षं एकच हिशेब करत राहील. नापास व्हायची सोय नाही, विषय बदलायची सोय नाही, घरी फोन करून 'जमत नाही' म्हणायचीही नाही.

कर्नाटकची प्रवेश परीक्षा, केसीईटी, ती देतेच आहे, मिळेल ती मेरिटची सीट घ्या. महाराष्ट्राची एमएचटी-सीईटीही देऊ द्या. सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात वेगळा 'ई' प्रकार आहे. जानेवारीत यूसीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा असते. त्यातून आयआयटी मुंबईत डिझाइनची पदवी करता येते. आणि इंजिनिअरिंगची पदवी करूनही पुढे सीड या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेतून तिथेच इंटरॅक्शन डिझाइनला, म्हणजे माणसं यंत्रं कशी वापरतात ते बघून ती घडवायच्या विषयाला, जाता येतं. शिकवण्याच्या तंत्रज्ञानावर पीएचडीही तिथे होते.

नोकरीचं विचारलंत. 'यूजर रिसर्चर', म्हणजे लोक एखादी वस्तू किंवा अॅप कसं वापरतात ते अभ्यासणारा, म्हणून कंपन्या घेतात, बेंगळुरू, पुणे, हैदराबादला. जागा कोडिंगइतक्या नाहीत आणि बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर शिक्षण मागतात, हे तिलाही माहीत असू द्या. संशोधनात मात्र नुसती फी भरून बसायचं नसतं; पात्र ठरल्यास मिळणारी कनिष्ठ संशोधक छात्रवृत्ती २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आहे.

तिची समजूत घालायचं काम मी घेत नाही. आज संध्याकाळी वही तिच्या हातात द्या आणि तो लाजेचा प्रश्न तिला वाचून दाखवायला सांगा. त्याचं उत्तर कसं शोधणार, तेही विचारा. पुढचं पत्र तिला लिहू द्या, तिच्या हस्ताक्षरात.