पाणीटंचाईवरचा प्रश्न लिहिताना

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझं ‘महाराष्ट्रातील पाणीटंचाईची कारणे’ हे उत्तर वाचलं. अक्षर छान, वेळेत संपवलंस. पण पहिल्या ओळीतला ‘पाणी हे जीवन आहे’ आणि शेवटचा ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ काढून टाकला तर उरतं काय? कमी पाऊस, वाढती लोकसंख्या, जंगलतोड. हे उत्तर राजस्थानला चालेल, बुंदेलखंडालाही चालेल. तपासणाऱ्याला त्यात महाराष्ट्र कुठेच दिसत नाही.

टंचाई हा वजाबाकीचा प्रश्न आहे. एका बाजूला उपलब्ध पाणी, दुसऱ्या बाजूला मागणी. तू फक्त पहिली बाजू लिहितोस, म्हणून सगळं खापर पावसावर फुटतं. पाऊस लिहायचाच, पण ठिकाण धरून. एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला 6000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पूर्वेकडच्या माणदेशात (माण तालुक्याच्या परिसरात) 500 च्या आसपास. सह्याद्रीचा पर्जन्यछायेचा प्रदेश, म्हणजे डोंगराने पाऊस अडवल्यामुळे पलीकडे कोरडा राहणारा भाग, समजावायला याहून चांगलं उदाहरण शोधत बसू नकोस. त्याला जोडून बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक लिही: खडक कठीण, पाणी मुरायला भेगा आणि झिजलेला थर एवढीच जागा, म्हणून विहिरी लवकर तळ गाठतात.

आता शहापूर घे. ठाणे जिल्ह्यातला तालुका, पाऊस 2000 मिलिमीटरहून जास्त. तानसा आणि भातसा ही धरणं तिथलीच. तानसाचं पाणी 1892 पासून मुंबईला जातं. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मे मध्ये टँकर फिरतात. इथे ‘पाऊस कमी’ म्हणून सुटका नाही. तीव्र उतार, चार महिन्यांतच पडून जाणारा पाऊस, साठा दुसऱ्या शहराच्या मागणीसाठी राखलेला, गावापर्यंत नळयोजना नाही किंवा आहे ती चालत नाही, असं एकेक कारण लिहावं लागतं. निसर्गनिर्मित आणि मानवनिर्मित टंचाईतला फरक विचारला तर माण आणि शहापूर शेजारी ठेव, निम्मं उत्तर तिथेच होतं.

मागणीच्या बाजूला सर्वांत मोठा वाटा शेतीचा. ऊस राज्याच्या पीकक्षेत्राच्या जेमतेम 4 टक्के आणि सिंचनाचं पाणी घेतो सुमारे 70 टक्के, असं कृषी खर्च व मूल्य आयोगाने नोंदवलं आहे. हे वाक्य लिहून शेतकऱ्याला आरोपी करू नकोस. हमखास खरेदी असणारं पीक सोडून तो दुसरं का लावेल, हेही एका ओळीत यायला हवं. ‘चर्चा करा’ म्हटलेल्या प्रश्नात गुण त्या ओळीला मिळतात. ‘भौगोलिक कारणे लिहा’ असेल तर मात्र तिचा मोह टाळ.

आकड्यांबद्दल. माणशी वर्षाला 1700 घनमीटरपेक्षा कमी पाणी म्हणजे ताण आणि 1000 पेक्षा कमी म्हणजे टंचाई, हा स्वीडनच्या मालिन फाल्कनमार्क यांचा निकष पाठ आहे तुला. भारताचा 2011 चा 1545 हा आकडाही. पण देशाच्या सरासरीवरून लातूर कळत नाही, हे लिहायला विसरलास. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी (टाकीचे डबे), एकूण 5 लाख लिटर. नंतर 50 वाघिणींची गाडी, 25 लाख लिटर. ‘जलदूत’ वगैरे गाडीची नावं बातम्यांसाठी ठेव, तू भागाकार कर. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर होती. म्हणजे मोठी गाडी आली तरी माणशी साडेसहा लिटर! ग्रामीण भागासाठीसुद्धा दरडोई दिवसाला 55 लिटर धरतात. असा एक भागाकार पाठ केलेल्या दहा आकड्यांपेक्षा भारी पडतो.

एककं सांभाळ. टीएमसी (अब्ज घनफूट) आणि दलघमी (दशलक्ष घनमीटर) एकाच वाक्यात मिसळले आहेस. 1 टीएमसी म्हणजे साधारण 28.3 दलघमी. जायकवाडीचा साठा एका एककात आणि मागणी दुसऱ्यात लिहिली की वजाबाकी होणार कशी?

उपायांना फार जागा देऊ नकोस. ज्या कारणावर आधी बोललास त्याचाच उपाय. उसाबद्दल लिहिलंस तर ठिबक आणि पीकबदल. शहापूरबद्दल लिहिलंस तर पाणीवाटप आणि गावपातळीवरचा साठा. नदीजोड प्रकल्प सगळीकडे चिकटवायची सवय सोड.

नकाशा हवाच. राज्याची ढोबळ बाह्यरेषा, सह्याद्रीची एक रेघ, पूर्वेला पर्जन्यछायेचा पट्टा, लातूर आणि शहापूरचे ठिपके. दोन मिनिटांच्या वर वेळ घालवायचा नाही.

रविवारपर्यंत हेच उत्तर पुन्हा लिहून पाठव, 250 शब्दांत. ‘वाढती लोकसंख्या’ लिहायची झाली तर कुठली, कुठे आणि तिला पाणी कुठून, हे त्याच वाक्यात हवं.

तुझे,
सर