आरबीडी, एस1 की अख्खा ट्रायमर? एलायझासाठी कुठलं स्पाइक प्रोटीन घ्यावं?

तुमचा प्रश्न असा: रक्तद्रवातल्या अँटिबॉडी तपासायला एलायझा (प्लेटवर प्रोटीन चिकटवून, अँटिबॉडी असेल तर रंग येणारी चाचणी) बसवायची आहे, कॅटलॉग उघडला तर सार्स-कोव्ह-2 या कोविडच्या विषाणूच्या स्पाइकचे, म्हणजे त्याच्या पृष्ठभागावरच्या काट्यासारख्या प्रोटीनचे, ढीगभर प्रकार समोर आले, त्यातलं कुठलं घ्यायचं आणि ते हाताळायला धोक्याचं आहे का?

धोक्याचं आधी उरकते. कुपीत विषाणू नसतो. स्पाइकचं जनुक प्लाझ्मिडमध्ये (डीएनएच्या छोट्या वर्तुळात) घालून पेशींकडून तेवढंच एक प्रोटीन बनवून घेतलेलं असतं. त्यात विषाणूचा आरएनए नाही, त्यामुळे ते वाढत नाही की कुणाला लागण करत नाही. ग्लव्हज घालाच, पण खरं सांगायचं तर ते प्रोटीनला आपल्यापासून वाचवायला जास्त.

आता निवड. स्पाइकची पूर्ण साखळी 1273 अमिनो आम्लांची. अशा तीन साखळ्या एकमेकींना धरून उभ्या राहतात, तो ट्रायमर. पुढचा भाग एस1, मागचा एस2. एस1 मध्येच साधारण 319 ते 541 हा तुकडा म्हणजे आरबीडी, जो पेशीवरच्या एसीई2 या प्रोटीनला चिकटतो. विषाणूला निष्प्रभ करणाऱ्या बऱ्याचशा अँटिबॉडी याच तुकड्यावर बसतात. हा तुकडा एकटा बनवला तरी नीट घडी घालतो, म्हणून तो सहज बनतो आणि टिकतोही. अख्खं स्पाइक घेतलंत तर एस2 वर बसणाऱ्या अँटिबॉडीही दिसतील, पण एस2 चा बराच भाग सर्दीच्या जुन्या कोरोनाविषाणूंशी मिळताजुळता आहे. त्यामुळे कोविड कधीच न झालेल्या माणसाचा नमुनाही थोडा रंग देऊन जातो.

ट्रायमरवर ‘नेटिव्ह’ असं छापलेलं असतं, त्याला भुलू नका. स्पाइक ही ताणून ठेवलेली स्प्रिंग आहे, जराशा निमित्ताने सुटते आणि आकार पार बदलते. तसं होऊ नये म्हणून 986 आणि 987 या जागांवर प्रोलीन हे ताठर अमिनो आम्ल बसवतात, यालाच 2पी म्हणतात. फ्यूरिन हे एन्झाइम साखळी जिथे कापतं ती जागा बदलतात. शेपटीचा पटलात रुतणारा भाग काढून तिथे टी4 या जिवाणूभक्षक विषाणूचा फोल्डन नावाचा तुकडा लावतात, म्हणजे तिन्ही साखळ्या सुटत नाहीत. 2पीची युक्ती मर्सच्या स्पाइकवर आधीच जमलेली होती, 2017 मध्ये छापूनही आली होती. म्हणूनच 2020 च्या सुरुवातीला ती इतक्या झटपट वापरता आली. पुढे सहा प्रोलीनचा हेक्साप्रो आला, तो जास्त दणकट. थोडक्यात, कुपीत असतं ते डागडुजी केलेलं स्पाइक. तक्रार नाही, पण काय काय बदललंय ते डेटाशीटवर वाचल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

पेशी कुठल्या, हे त्याहून महत्त्वाचं. ई. कोलाय या जिवाणूमधलं प्रोटीन स्वस्त पडतं, पण त्याच्यावर साखरेच्या साखळ्या चढत नाहीत. स्पाइकच्या एकेका साखळीवर अशा 22 जागा आहेत, त्यातल्या दोन आरबीडीवर. शिवाय आरबीडीत चार डायसल्फाइड बंध जुळावे लागतात आणि ई. कोलायमध्ये तो बहुधा गोळा होऊन बसतो. वेस्टर्न ब्लॉटला, जिथे प्रोटीन उलगडूनच तपासतात, ते चालून जाईल. आकार ओळखणाऱ्या अँटिबॉडी तपासायच्या तर एचईके293 (माणसाच्या) किंवा सीएचओ (हॅम्स्टरच्या) पेशींतलंच घ्या.

एचईकेमधला आरबीडी मी पहिल्यांदा जेलवर चालवला तेव्हा माल खराब आला असंच वाटलं. हिशोबाने 25 किलोडाल्टनच्या आसपास यायला हवा होता. आला 30 ते 35 च्या मध्ये, तोही रेघ नव्हे, बोटाने फासल्यासारखा पट्टा. पीएनजेस एफ एन्झाइम घालून साखरा तोडल्या आणि पुन्हा चालवला, तर पट्टा खाली उतरून बारीक झाला. तो फासलेपणा साखरेचा होता.

दुसरी फजिती पूर्णपणे माझीच. प्रोटीनला बायोटिन (खूण म्हणून जोडायचा छोटा रेणू) लावायचं होतं. लेबलवरची ‘कॅरियरसह’ ही ओळ वाचलीच नाही. कॅरियर म्हणजे प्रोटीन टिकावं म्हणून घातलेलं बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन), आणि ते स्पाइकच्या कितीतरी पट. सगळं बायोटिन बीएसएने खाल्लं, आठवडा गेला. लेबलिंग करायचं असेल तर कॅरियरविरहित घ्या, आणि बफरमध्ये (प्रोटीन ज्या द्रावणात असतं त्यात) ट्रिस हे रसायन नाही ना तेही बघा. तोही बायोटिन खातो.

साठवणीचं एकच: आल्या दिवशी छोटे छोटे वाटे करून उणे 80 ला टाका, वितळवलेला वाटा परत गोठवू नका. 2पी ट्रायमर 4 अंशांवर ठेवून दिला तर हळूहळू त्याचा आकार बिघडतो. फ्रिजमध्ये सुरक्षित आहे म्हणून निर्धास्त राहणारे इथेच फसतात.

तुमच्या कामाला मी एचईकेमधला, हिस-टॅग (शुद्ध करायला सोपं जावं म्हणून जोडलेली छोटी शेपटी) असलेला आरबीडी घेईन. 2 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, विहिरीमागे 50 मायक्रोलिटर, असं कोटिंग धरलं तर 96 विहिरींच्या प्लेटला 10 मायक्रोग्रॅमही लागत नाही. 100 ची कुपी दहा प्लेटना पुरते. नमुने कुठल्या लाटेतले आहेत ते मात्र आधी ठरवा. ओमिक्रॉनच्या पहिल्या बीए.1 मध्येच आरबीडीवर पंधराच्या आसपास बदल होते. तेव्हाच्या नमुन्यांना वुहानचा मूळ आरबीडी लावलात तर आकडे फसवे येतील.