तिसरा-चौथा दिवस

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

काल नाइट शिफ्टमधून तुझा फोन आला. "काका, मन तयार आहे, पण अंगच ऐकत नाही," म्हणालास. तंबाखू सोडल्याच्या चौथ्या दिवशी पुन्हा बार लावला हे सांगताना तुझा आवाज अगदी खाली गेला होता. रात्री दोन वाजता मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

मी अकरा वर्षं लेथवर उभं राहून तंबाखू मळली. सोडताना तीनदा घसरलो, तिन्ही वेळा याच तिसऱ्या-चौथ्या दिवशी. दर वेळी वाटायचं, आपणच कच्चे. पुढे एका डॉक्टरांनी तासभर बसवून समजावलं, तेव्हा कळलं की त्या दिवशी अंगात काय चाललेलं असतं. ते मला आधी कुणी सांगायला हवं होतं.

आपण तंबाखूत चुना मिसळतो ना, त्याने निकोटीन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या पातळ कातडीतून सरळ रक्तात उतरतं. मेंदूत त्याच्यासाठी वेगळी जागा नसते. शरीराच्या स्वतःच्या एका रसायनासाठी असलेल्या जागा ते अडवतं. रोज दहा-बारा वेळा हे होऊ लागलं की मेंदू तशा जागा वाढवतो, आणि निकोटीन येणारच असं धरून बाकीचा कारभार बसवतो. झोप, भूक, राग, लक्ष, सगळंच त्यात आलं. पोटाचंही तसंच. सकाळी तंबाखूशिवाय पोट साफ होत नाही असं आपल्याकडे निम्मे लोक सांगतात, आणि ते खोटं नसतं. निकोटीन आतड्यांना ढकलतं. ते बंद झालं की आतडी काही दिवस सुस्त पडतात.

रक्तातलं निकोटीन साधारण २ तासांत निम्म्यावर येतं. म्हणून रात्रभराच्या झोपेनंतरची तलफ सगळ्यात जोरात असते. पुडी सोडल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत ते अंगातून जवळजवळ निघून जातं. वाढलेल्या जागा मात्र तशाच रिकाम्या उरतात. डोकं जड होणं, चिडचिड, कामात मन न लागणं हे नेमकं तेव्हाच टोकाला पोचतं. तू ज्या दिवशी हरलो म्हणालास, त्या दिवशी तुझ्या अंगातलं विष जवळपास संपलं होतं रे! चढ तिथेच सरतो. पुढचे दोन ते चार आठवडे त्रास असतो, पण उतरत जाणारा.

मग राहतो तो हात. शिफ्टचा भोंगा झाला, चहाचा कप खाली ठेवला, की अंगठा आपोआप तळहातावर फिरायला लागतो. माझा सहा महिन्यांनंतरही फिरायचा. एकेक तलफ पाच-दहा मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ हाताला आणि तोंडाला काम दे. मी खिशात भाजलेली बडीशेप ठेवायचो, आणि तलफ आली की मशिन बंद करून पाणी प्यायला कूलरपर्यंत चालत जायचो. पोटासाठी सकाळी उठल्यावर पाणी, जेवणात भाजी-भाकरी. जुनी डबी कपाटात ठेवू नकोस. चहाच्या सुट्टीला काही दिवस दुसऱ्या टोळक्यात बस. मित्र रागावतील, रागावू देत.

एक मात्र कळकळीने सांगतो. तंबाखू सोडली म्हणून सुपारीचा मावा किंवा गोड सुपारी धरू नकोस. आपली कितीतरी पोरं इथेच फसतात. सुपारी तंबाखूशिवायही कॅन्सर करते, आणि तिने गाल आतून ताठ होत जाऊन तोंड उघडेनासं होतं. आजच आरशासमोर तोंड उघडून तीन बोटं उभी जातात का बघ. जात नसतील, किंवा पांढरा चट्टा दिसला, तर सुट्टी टाकून दाताच्या डॉक्टरकडे जा.

फारच जड गेलं तर निकोटीनचं च्युइंग गम मिळतं, २ आणि ४ मिलिग्रॅमचं. कुठलं घ्यायचं ते डॉक्टरांना विचार. ते नेहमीच्या गमसारखं चघळत राहायचं नसतं. हळू चावायचं, तोंडात झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचं, त्या गेल्या की पुन्हा चावायचं. आधीची १५ मिनिटं चहा नको, नाहीतर ते नीट लागू पडत नाही. पुडीवर छापलेला १८००-११-२३५६ हा नंबर सरकारचा आहे, फुकट आहे. तिथे बोलायला लाजू नकोस.

या सोमवारपासून तुझी डे शिफ्ट आहे. त्याच दिवशी पुन्हा सुरू कर. बुधवारी आणि गुरुवारी काम सुटलं की सरळ आमच्याकडे ये. काकू पिठलं-भाकरी करेल. रात्री इथेच झोप.

तुझा,
काका