वस्तूतल्या छुप्या दोषाला विकणारा जबाबदार, हे खरंच रोमन कायद्यातून आलंय का?

हो, आलंय. मला ते फ्रान्समध्ये, तुलूजला, एका जुन्या गाडीमुळे कळलं.

तीन वर्षांपूर्वी इथल्याच एका माणसाकडून ४२०० युरोला सेकंडहँड गाडी घेतली. चालवून बघितली, बॉनेट उघडलं, ऑइलचं झाकणसुद्धा काढून बघितलं, सगळं स्वच्छ. पाच आठवड्यांनी इंजिन तापायला लागलं आणि त्याच झाकणाखाली दह्यासारखा पांढरट थर. हेड गॅस्केट (इंजिनमधलं सील) गेलेलं, इंजिन थंड ठेवणारं कूलंट ऑइलमध्ये मिसळलेलं. मेकॅनिकने लिहून दिलं की दुखणं जुनं आहे, विकायच्या आधी फक्त ऑइल बदललंय. साताऱ्याला दादाला फोन केला तर म्हणाला, "घेताना नीट बघायला नको? आता कुणाला बोलणार?" फार लागलं ते मला.

कारण इथे बोलता येतं. १८०४ च्या फ्रेंच सिव्हिल कोडमध्ये कलम १६४१ म्हणजे छुप्या दोषाची हमी, आणि १६४४ म्हणतं वस्तू परत करून पैसे घ्या नाहीतर वस्तू ठेवून किंमत कमी करून घ्या. हे दोन्ही पर्याय रोमच्या बाजारातले आहेत. तिथे एडाइल नावाचे बाजार-अधिकारी असायचे, त्यांचा हुकूम असा की गुलाम किंवा जनावर विकताना रोग, खोड आधीच सांगायची (माणसं विकणाऱ्या त्या बाजाराचं मी कौतुक करत नाहीये), लपवली तर सहा महिन्यांत सौदा रद्द किंवा वर्षभरात किमतीतला फरक मागायचा. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या संहितेत हे सगळ्याच विक्रीला लागू झालं. आणि रोमन कायदेपंडित उल्पियन सरळ म्हणतो, विकणाऱ्याला दोष माहीत नव्हता तरी तो जबाबदार, अज्ञानाने फसवलं काय नि लबाडीने फसवलं काय, घेणाऱ्याला दोन्ही सारखंच.

मी गाडी ठेवली. रिपोर्ट जोडून रजिस्टर्ड पत्र पाठवलं, दोन महिने ओढाताण झाली, शेवटी १३०० युरो परत मिळाले.

हां, एक राहिलं. विकणारा व्यापारी नसेल आणि त्याला खरंच माहीत नसेल, तर करारात 'हमी नाही' लिहून तो सुटू शकतो. दोष आधीपासून होता हे घेणाऱ्यानेच सिद्ध करायचं, आणि दावा दोष कळल्यापासून दोन वर्षांत. भारतात १९३० चा मालविक्री कायदा इंग्रजी वळणाचा, त्याची सुरुवातच 'घेणाऱ्याने बघून घ्यावं' इथून, मग अपवाद. दादा तेच बोलत होता.

पण दादा, मी बघितलं होतं. झाकण त्याने पुसून ठेवलं होतं.