नाशिकमधील मानसोपचारांच्या वापराचा अभ्यास करताना लोकांचे सांगणे ग्राह्य मानावे की रुग्णालयातील नोंदी?

केवळ एकावर विसंबू नये. जिल्हा रुग्णालयाच्या नोंदवहीत भेटीची तारीख पक्की मिळते. परंतु गंगापूर रोडवरच्या खासगी दवाखान्यात गेलेला किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर बोललेला माणूस तिच्यात दिसत नाही. उलट घरी विचारले असता, शेजारी सासू बसलेली असताना, सून उपचार घेतल्याचे सांगेलच असे नाही, आणि हा खोटेपणा नसून भीती आहे, हे मुलाखत घेणाऱ्याने मनापासून समजून घ्यावे. स्मरणाचाही प्रश्न आहे: साध्या भेटी लवकर विसरल्या जातात, म्हणून राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात बाह्यरुग्ण उपचारांसाठी मागील १५ दिवसांचे, तर रुग्णालयात दाखल होण्याबाबत ३६५ दिवसांचे विचारतात. शक्य असल्यास लेखी संमती घेऊन, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातील गोपनीयता पाळून, त्याच व्यक्तींचे सांगणे आणि रुग्णालयातील नोंदी जुळवून पाहाव्यात.